गाडी पाणी पितेय? बाटलीत ओतण्याआधी ते जातंय कुठे ते शोधा

पंधरा-वीस दिवसांनी बॉनेट उघडायचं, कूलंटची बाटली 'मिन'च्या खाली गेलेली दिसली की वरून थोडं ओतायचं, झाकण लावायचं आणि कामाला लागायचं. असं करणारे कितीतरी गाडीवाले ओळखीत आहेत. विचारलं तर म्हणतात, "मेकॅनिक म्हणाला, गाडी जुनी झाली की थोडं पाणी पितेच." हे वाक्य मीही ऐकलं, खरं मानलं आणि चार महिने तेच करत बसलो. शेवटी दोष सापडला तो दोन बोटांत मावेल एवढ्या एका क्लिपमध्ये. तेवढ्या वेळात इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, जाऊ शकलं असतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मुद्द्याचं. गाडी पाणी पीत नाही. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइलही थोडंफार जळतं, पण कूलंट बंद नळ्यांतून नुसतं गोल फिरत असतं. इंजिनाची उष्णता घ्यायची, रेडिएटरमध्ये वाऱ्याला द्यायची आणि परत इंजिनात जायचं, एवढंच त्याचं काम. त्यात खर्च होण्यासारखं काही नाही. वर्षभरात बाटलीत बोटभर फरक पडला तर चालतंय. पण महिन्याला अर्धा लिटर घालावं लागत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतंय किंवा इंजिनाच्या आत जातंय. तिसरी शक्यता नाही. छोट्या पेट्रोल गाडीत सगळं मिळून चार-पाच लिटरच असतं, त्यातलं लिटरभर गेलं की घाटात गाडी तापणारच.

माझ्या गाडीचं काय झालं

माझी गाडी मूळची पेट्रोलची, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवून घेतलेलं. सासरवाडी कराडला, त्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा खंबाटकी घाट ठरलेला. येताना बोगद्यातून सुटका व्हायची, पण साताऱ्याकडे जाताना घाट चढावाच लागायचा. मे महिना, दुपारचे दोन, पुढे ट्रकची रांग, मी दुसऱ्या गिअरवर आणि एसी चालू. काटा मधल्या रेघेवरून हळूहळू वर सरकायला लागला. मागे दोन पोरं आणि सासूबाई. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, कसाबसा माथा गाठला आणि गाडी कडेला घेतली. इंजिन निवल्यावर बघितलं तर बाटली कोरडी. आठवड्यापूर्वीच भरली होती.

पुण्यात परत आल्यावर नेहमीच्या गॅरेजला दाखवली. त्यांनी कूलंट भरलं, झाकण बदललं. महिन्याने पुन्हा तेच. मग म्हणाले, "फॅन डायरेक्ट करून देतो, म्हणजे टेन्शनच नाही." तेही करून घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी "थर्मोस्टॅट काढून टाकू का?" म्हणाले, तेव्हा मात्र मी थांबलो. आमच्या सोसायटीच्या मागे एक म्हातारे मिस्त्री बसतात. त्यांना सगळी कहाणी सांगितली. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. एकच विचारलं, "सकाळी चावी फिरवायच्या आधी वाकून बघितलंत का कधी?"

बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मोबाइलचा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेलो. जमीन कोरडी होती. बॉनेट उघडून एकेक पाईप चाचपत गेलो आणि सीएनजीच्या रिड्यूसरपाशी हात ओला झाला. तिथे इंजिनाच्या पाण्याच्या पाईपला टी-जॉइंट मारलेला होता. त्याच्या खालच्या क्लिपच्या स्क्रूवर हिरवट थेंब धरलेला, आजूबाजूला मिठासारखी पांढरट-हिरवी पापडी जमलेली. माझ्या डोळ्यांदेखत तो थेंब मोठा झाला आणि खाली गिअरबॉक्सच्या बॉडीवर पडला. जमिनीवर डाग का दिसत नव्हता ते तेव्हा कळलं. थेंब गिअरबॉक्सवर पडायचा, गाडी सुरू झाली की तापून वाळून जायचा. आणि गॅरेजमध्ये गळती का सापडत नव्हती, तेही कळलं. गाडी तिथे पोहोचेपर्यंत गरम झालेली असायची, रबर फुगून क्लिपमध्ये घट्ट बसलेलं असायचं. रात्रभर गार पडून रबर आकसलं की पुन्हा पाझर सुरू.

सीएनजी किंवा एलपीजी किट असलेल्यांनी ही जागा आधी बघा. टाकीत २०० बारने भरलेल्या गॅसचा दाब रिड्यूसरमध्ये उतरतो तेव्हा तो फार गार पडतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरवतात. म्हणजे किट बसवताना कंपनीच्या पाईपांना कापून नवे जोड दिलेले असतात. जिथे जोड, तिथे क्लिप. जिथे हलकी क्लिप, तिथे आज ना उद्या पाझर.

पातळी नीट मोजा

गरम गाडीत पाणी फुगून पातळी वर दिसते, म्हणून मोजायची ती सकाळी, गार इंजिनावर, सपाट जागी. बाटलीवर मार्करने रेघ मारा, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा. "कमी होतंय बहुतेक" आणि "९ दिवसांत ३०० किलोमीटरला दीड बोट उतरलं" यात फार फरक आहे. दुसरं वाक्य ऐकलं की मिस्त्रीही गंभीरपणे घेतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गाड्यांमध्ये दोन पद्धती आहेत. काही गाड्यांत रेडिएटरला वेगळं धातूचं झाकण असतं आणि बाटली नुसती जास्तीचं पाणी साठवायला. अशा गाडीत बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो. इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढून आत बघा, पाणी काठापर्यंत दिसलं पाहिजे. दुसऱ्या पद्धतीत रेडिएटरला झाकणच नसतं. बाटली स्वतःच दाबाखाली असते, तिचं प्लॅस्टिक जाड असतं आणि झाकण आट्यांचं. तिथे बाटलीतली पातळी हीच खरी पातळी.

झाकण, म्हणजे रेडिएटर कॅप

झाकण हा दिसायला क्षुल्लक पण कामाने फार महत्त्वाचा भाग आहे, आणि तपासात तो सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. त्यात दोन वॉल्व असतात. मोठा वॉल्व स्प्रिंगच्या जोरावर आतला दाब धरून ठेवतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो हाच. दाब कशाला हवा? कुकरसारखंच. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं, पण एक बारच्या आसपास जादा दाब असला की साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं तर आणखी वर जातं. स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर वॉशर चिरला, की दाब टिकत नाही. पाणी लवकर उकळतं, बाटलीत येतं आणि तिथून ओसंडून वाया जातं.

दुसरा, मधला छोटा वॉल्व उलटं काम करतो. इंजिन गार होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घ्यायला तो उघडतो. तो चिकटला तर बाटली भरत जाते आणि रेडिएटर रिता होत जातो. याची खूण अगदी सोपी. सकाळी रेडिएटरचा वरचा पाईप बघा. तो चोखलेल्या आंब्यासारखा आत चेपलेला दिसला तर झाकण गेलं म्हणून समजा.

नवं झाकण घेताना जुन्यावरचा आकडा बघूनच घ्या. जास्त दाबाचं बसवलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही. तो जादा दाब जुन्या पाईपांवर आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांवर येतो.

बाहेरची गळती कशी शोधायची

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा मिळाला तर उत्तम. चाकं कुठे आहेत त्याच्या खुणा करा, म्हणजे सकाळचा डाग इंजिनाच्या कुठल्या भागाखाली आहे ते कळतं. गाडीला खालून अंडरकव्हर असेल तर पाणी त्यावर साठून भलतीकडेच ठिबकतं, हे लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एसीच्या पाण्याने फार गोंधळ होतो. एसी चालवून आल्यावर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या मागून खाली पाणी टपकतं, ते योग्यच आहे. बोटांवर घेऊन चोळा. एसीचं पाणी साधं, पातळ, वासाशिवायचं असतं. कूलंट बोटांना किंचित बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास येतो आणि रंग असतो. चव मात्र घेऊ नका, कूलंट विषारी आहे.

डाग सापडला नाही तर वाळलेली पापडी शोधा. कूलंटमधलं पाणी उडून जातं, रंग आणि क्षार मागे राहतात. हिरवी, गुलाबी किंवा पांढरट रेघ जिथे सुरू होते तिथेच, किंवा तिच्या जरा वर, गळती असते. सगळ्यात आधी पाईपांची टोकं आणि क्लिपा बघा. पाईप दाबून बघा, बोटाला मऊ फुगीर लागला किंवा बारीक चिरा दिसल्या तर बदला. मग रेडिएटर. हल्ली त्याची मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि दोन बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. दोन्ही जिथे दाबून जोडलेल्या असतात, त्या कडेने पाझर सुरू होतो. बाटलीचा जोडही बघा, जुन्या बाटलीला शिवणीवर केसासारखी चीर जाते.

मग वॉटर पंप, गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी. त्याच्या अंगाला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं. ते भोक बुजवण्यासाठी नाही, इशारा देण्यासाठी असतं. भोकाखाली ओघळाची रेघ दिसली किंवा पंपाचं बेअरिंग घुरघुरायला लागलं, की पंपाचे दिवस भरले. ज्या इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तिथे पंप आणि बेल्ट एकाच वेळी बदला, नाहीतर तीच मजुरी दोनदा मोजावी लागते.

आणखी दोन जागा नजरेतून सुटतात. एक, केबिनमधला हीटर. डाव्या बाजूच्या पायपुसण्याखाली चटई ओली, काचेच्या आतून चिकट धुकं आणि गाडीत गोड वास, तर हीटरची जाळी फुटली आहे. दुसरी जागा म्हणजे इंजिन ब्लॉकला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलेल्या गाडीत त्या आतून गंजतात आणि भोकं पडतात. गंज आतून येतो, बाहेरून टोपी धडधाकट दिसते.

एवढं करूनही सापडलं नाही तर गॅरेजमध्ये 'प्रेशर टेस्ट करा' असं स्पष्ट सांगा. झाकणाच्या जागी हातपंप बसवून, इंजिन गार असतानाच, झाकणावरच्या आकड्याएवढा दाब देतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. काटा खाली उतरला तर गळती आहे, आणि दाबामुळे ती दिसतेही. माझ्या आधीच्या गॅरेजने ही चाचणी पहिल्याच दिवशी केली असती, तर चार महिने वाचले असते. ज्या गॅरेजात हा पंपच नाही, तिथे कूलंटचं दुखणं घेऊन जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

दाब उतरतोय पण बाहेर थेंब नाही

मग पाणी आत जातंय. हा खर्चिक भाग, आणि इथे घाबरून चुकीचं काम करून घेणारेही बरेच आहेत. म्हणून हेड खोलण्याआधी पुरावा मागा.

हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेल्याच्या खुणा अशा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना 'फुस्स' आवाज येतो, म्हणजे गार इंजिनातही दाब शिल्लक राहिलेला आहे. गार गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा पाईप दगडासारखा टणक होतो. पाणी तापलेलंच नसताना हा दाब सिलिंडरमधल्या वायूचाच. सकाळी सुरू करताना काही सेकंद एक सिलिंडर मिस होतो, म्हणजे त्यात इंधन पेटत नाही, मागून पांढरा गोडसर धूर येतो आणि इंजिन तापलं तरी थांबत नाही. निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटे कुठल्याही गाडीतून वाफ निघते, ती पाच-दहा मिनिटांत जाते. ती यात धरू नका.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक लगेच हादरतात. फक्त झाकणाखाली पातळ थर असेल आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर पावसाळ्यात तो दमटपणाचाही असू शकतो. डिपस्टिकवरचं ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका. टो करून न्या. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंगं फार टिकत नाहीत.

पक्की खात्री करण्यासाठी एक साधी रासायनिक चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरतात आणि आतली हवा त्यातून ओढतात. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर निळं द्रावण पिवळं होतं. हे किट महाग नसतं, चांगल्या गॅरेजात मिळतं.

डिझेल गाडी असेल तर गॅस्केटवर शिक्का मारण्याआधी ईजीआर कूलर तपासायला सांगा. एक्झॉस्टचा गरम वायू कूलंटने गार करणारा तो भाग आतून फुटला की पाणी गुपचूप सायलेन्सरमधून निघून जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही.

गाडी कधी तापते, त्यावरूनही कळतं

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो? तर पंख्याकडे बघा. फ्यूज, रिले, मोटर, तापमानाचा सेन्सर. एसी लावल्यावर पंखा फिरतो का ते बॉनेट उघडून बघता येतं, हात मात्र लांब ठेवा. उलट शहरात ठीक, पण घाटात आणि लांबच्या वेगात तापते? तर पाणी कमी आहे, फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदलाय. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, वाळका पाला अडकून गोधडीसारखा थर बसतो, तो समोरून दिसत नाही. साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने धुवा. वॉशिंग सेंटरची जोरदार धार मारली तर पापुद्रे वाकतात आणि वाराच बंद होतो.

हे तीन 'उपाय' करून घेऊ नका

"थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे थंडी असते कुठे?" थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. त्यातलं मेण साधारण ८२ ते ८८ अंशांना वितळतं आणि रेडिएटरची वाट उघडते. त्यामुळे इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. तो काढला की इंजिन बराच वेळ गार राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर तो नसला की पाणी रेडिएटर टाळून बगलेच्या वाटेने फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. अडकला असेल तर बदला. नवा बसवा, जागा मोकळी ठेवू नका.

फॅन डायरेक्ट करणं हे दुसरं. चावी लावली की पंखा चालूच, त्यामुळे रिले किंवा सेन्सरचा दोष झाकला जातो, मोटरवर आणि बॅटरीवर भार येतो. आणि कूलंट गळतंय ही मूळ गोष्ट जिथल्या तिथे राहते. मी हे केलं होतं. गळती सापडल्यावर वायरिंग पुन्हा मूळच्यासारखं करून घेतलं.

तिसरी हळद. ट्रकवाल्यांची जुनी युक्ती आहे, बारीक भोकात हळद अडकून गळती थांबते हे खरं. आंबोलीत रात्री अकराला अडकलात तर टाका. पण तीच हळद, किंवा बाजारात मिळणारी लीक थांबवायची पावडर, नंतर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. घरी पोहोचलात की पूर्ण फ्लश करून खरी दुरुस्ती करा.

वाटेत तापली तर

काटा वर चढतोय पण लाल झालेला नाही, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, त्याचा ब्लोअर जोरात, काचा खाली. केबिनमध्ये भट्टी होईल, पण तेवढी उष्णता इंजिनातून कमी होते. मोकळी जागा मिळताच थांबा. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर लगेच कडेला घेऊन इंजिन बंद. 'पुढचा टोलनाका जवळच आहे' म्हणून ओढत नेलेल्या गाड्यांचीच हेड वाकतात.

बऱ्याच नव्या गाड्यांत काटाच नसतो, गार असताना निळा आणि तापल्यावर लाल दिवा एवढंच. त्यांना मधली पायरी दिसत नाही, म्हणून त्यांनी बाटलीकडे जास्त लक्ष द्यावं. काटा असलेल्यांनीही एक ध्यानात ठेवा. वर गेलेला काटा अचानक तळाला आला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी इतकं उतरलं असेल की सेन्सर कोरडा पडलाय. तशीच दुसरी खूण म्हणजे इंजिन तापलेलं असूनही हीटरमधून गार हवा येणं.

झाकणाला हात लावू नका. गेल्या दहा वर्षांत माझ्या ओळखीतल्या दोघांचे हात भाजलेले मी पाहिलेत, दोघंही अनुभवी चालक. पाऊण तास तरी थांबा, वरचा पाईप हाताने धरवला पाहिजे. मग जाड ओलं फडकं ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर ब्लॉक किंवा हेड तडकू शकतं. निवल्यावर मात्र पिण्याचं पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, वेळ तशीच असते.

पुन्हा भरताना

गळती बंद झाली की सगळं जुनं काढून नवीन भरा, चार महिने वरून ओतलेल्या पाण्याने कूलंट पातळ झालेलं असतं. बाजारात दोन प्रकार मिळतात. तयार मिश्रण जसंच्या तसं घालायचं, त्यात पाणी घालायचं नाही. दाट कूलंटमध्ये मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रमाणात, बहुतेक गाड्यांत निम्मं, डिस्टिल्ड पाणी मिसळायचं. बॅटरीत घालतात तेच. मराठवाड्यात बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हे कंपन्यांनी आपापले निवडलेले रंग आहेत, एकाच रंगाच्या दोन बाटल्यांत वेगवेगळी रसायनं असू शकतात. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार बघून घ्या. दोन प्रकार मिसळले तर कधी कधी आत गाळ धरतो.

भरताना हवा अडकते, तीही काढावी लागते. हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून, गार इंजिन सुरू करा. गाडीचं तोंड थोडं चढाला असेल तर बरं. पाईप हळूहळू दाबत राहा, बुडबुडे निघतील, पातळी उतरेल तसं भरत जा. काही इंजिनांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो. वरचा पाईप गरम झाला, हीटरची हवा गरम आली आणि पंखा एकदा फिरून थांबला की काम झालं.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा कुंडीत ओतू नका. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. झाकणाच्या डब्यात भरून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि गॅरेजमध्ये जुनं ऑइल गोळा करतात तिथे द्या.

मग बाटलीवर नवी रेघ आणि तारीख. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत उरलीसुरली हवा निघून पातळी थोडी उतरेल, तेवढं भरून पुन्हा रेघ मारा. त्यानंतर दोन आठवडे रोज सकाळी, चावी फिरवायच्या आधी, एक नजर. रेघ सोडून पाणी खाली गेलं, तर ओतायची बाटली बाजूला ठेवा आणि पुन्हा पुठ्ठा अंथरा.